रुमालाखालची कॉफी

मी खामगाव सोडलं त्या दिवशी स्टेशनवर मला पोचवायला आमचं निम्मं गाव, पिंपळगाव राजा, लोटलं होतं. निम्मं म्हणजे मोजून सात माणसं आणि एक बकरी. पण ती बकरी माझ्या वळकटीकडं ज्या मायेनं बघत होती, ती बघता तिला दहा माणसांच्या जागी धरायला हरकत नाही. मायनं ठेच्याची पुरचुंडी तिसऱ्यांदा सोडली आणि चौथ्यांदा बांधली. बाबा कधी नव्हे ते माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "पुण्याले जाऊन राह्यला त जाय. पण ध्यानात ठेवजो, तुह्या बोलण्यानं उंट उठून उभा राहीन, पण त्याच्यावर ओझं कोणीतरी ठेवा लागते."

जलंबला जाणारी आमची छोटी गाडी तेव्हा इतकी निवांत होती, की ड्रायव्हर मधेच उतरून बोरं वेचायचा आणि ओंजळ भरली की धावत्या इंजिनात परत चढायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण मी सांगितल्यावर पुष्कळांनी पाहिलं. त्या दिवशी मात्र ती वेळेवर सुटली. मी दारात उभा राहून सातजणांच्या मागं आठवा माणूस शोधत होतो. फाटकापर्यंत शोधला. नामदेव आला नाही.

पिंपळगावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे पुण्या-मुंबईकडं पांगलेल्यांनो, तुम्हाला सगळ्यांना सांगण्यात आलं की मी सरकारी नोकरीसाठी गाव सोडलं. नवरदेव घोड्यावर बसायला मिळतं म्हणून लग्न करतो, हे जितकं खरं तितकंच हेही खरं. मी गाव सोडलं ते एका कॉफीच्या कपापायी. आणि तो कप ज्यानं माझ्या गळ्यात बांधला तोच पोचवायला आला नाही. आता इतकी वर्षं झाली, माझ्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, म्हणून सांगतो.

नामदेव माझ्या घरामागच्या घरातला. आमच्या आया एकाच विहिरीवर भांडायच्या, म्हणजे बघा किती जवळचं नातं. दोघांचे बाप खामगावच्या कापूस बाजारात दलालांकडं कामाला. त्यांच्या तरुणपणी तिथला सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरत, वरून रुमाल टाकत, आणि आत बोटं दाबून भाव ठरे. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. वर दोघंही वाट्टेल ते बरळत. "तुहा कापूस म्हंजे गोधडीतला गाभा!" "तुही नियत म्हंजे फाटकं पोतं!" बघ्यांची करमणूक व्हायची. पण रुमालाखाली कुणी खोटं दाबलं, असं कधी ऐकिवात नाही. पुढं कायद्यानं जाहीर लिलाव आले आणि रुमाल पुन्हा घाम पुसायच्या कामाला लागले. पण तोवर आमच्या बापांनी ती बोटं आम्हाला शिकवून ठेवली होती. बाबा म्हणायचे, "वर बोल काय बोलाचं ते. खाली खरं पाह्यजे."

आता एक गोष्ट सांगतो, जी माय आणि नामदेव सोडून तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. मी नऊ वर्षांचा असताना मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस पाहुणचार घेतला, आणि जाताना माझं नाक आणि जिभेची चव दोन्ही बांधून घेऊन गेला. तेव्हापासून मला रॉकेल आणि केवडा सारखाच. मायनं तेव्हाच बजावलं, "कोणाले सांगजो नको, पोरगी देनार नाई कोणी."

आणि नामदेवचं नाक! रुईच्या ढिगाजवळून नुसता चालत गेला तरी सांगायचा, ही गाडी पुलावरून आली का नदीतून. एकदा त्यानं म्हशीचं दूध हुंगून तिनं सकाळी काय खाल्लं ते सांगितलं, आणि म्हैस समोर उभी होती, तिनं नाही म्हटलं नाही. पण समोर चार कोट-टोप्या दिसल्या की नामदेवची जीभ टाळूला चिकटायची. माझी जीभ चव सोडून बाकी सगळ्या कामाला तयार. देवानं एकाच माणसाचा माल चुकून दोन पोत्यांत भरला होता.

नवा महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे आम्ही दोघांनी खामगावात मिळून एक खोली केली. तो एका अडतीवर रुईची प्रत बघायचा, मी एका जिनिंगमध्ये कारकून. त्याच सुमाराला बाजाराच्या तोंडाशी अण्णांनी कॉफी हाऊस काढलं. अण्णा उडुपीकडचे, अंगानं काडी आणि आवाजानं नगारा. त्यांनी मुंबईहून एक्स्प्रेसोचं मशीन आणलं. ते बैलगाडीतून उतरलं तेव्हा काही लोकांनी नारळ फोडले. त्यांना वाटलं नवं इंजिन आलं, आता जलंबला लवकर पोचू. चकचकीत निकेलचं धूड, दोन्ही अंगांना नळ्या. दांडा ओढला की असा फुत्कार टाकी, की पहिल्याच दिवशी समोरच्या टांग्याचा घोडा नांदुऱ्यापर्यंत पळाला आणि तिथं त्यानं चहा मागितला. वाफेनं दूध फसफसून वर यायचं, अण्णा त्यावर चॉकलेटची पूड भुरभुरायचे, आणि गावातले वकील, डॉक्टर, मास्तर, रुईवाले मिशांना फेस लावून बसायचे.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा जागा मिळाली ती नेमकी वकीलसाहेबांच्या टेबलावर. वकीलसाहेब म्हणजे कोर्टातही आणि बाहेरही उलटतपासणीच. त्यांनी विचारलं, "काय हो पिंपळगावकर, कशी वाटली एक्स्प्रेसो?" मी काय सांगणार कपाळ! एवढ्यात नामदेवनं गुडघ्यावरच्या टॉवेलखाली माझा हात धरला आणि एक बोट दाबलं. एक म्हणजे हलका माल. आणि नख रुतवलं. नख म्हणजे जळका.

माझ्या अंगात वारं शिरलं. मी कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि म्हणालो, "साहेब, मशीन उत्तम, माणूस उत्तम, पण पूड करपली. भाजणाऱ्याचं लक्ष नव्हतं. बहुतेक त्याचं लग्न ठरत होतं."

अण्णा काउंटरमागून ओरडले, "अरे देवा! इनको कैसे मालूम? भाजनेवाला सच में मंगळूर गया, शादी के वास्ते!"

झालं. त्या दिवसापासून मी खामगावचा कॉफीपारखी. मग आमची पद्धतच बसली. दोघांनी एकेक कप घ्यायचा, नामदेवनं आधी घोट घ्यायचा, टॉवेलखाली बोटं दाबायची, आणि मी वर सुरू व्हायचं. एक बोट म्हणजे टाकाऊ, तीन म्हणजे चालेल, अख्खा पंजा म्हणजे अव्वल. दूध दोनदा तापलं असेल तर दोन झटके, चिकोरी जास्त असेल तर अंगठा. एवढ्यावर मी काय काय उभं केलं! "हा फेस आखूड धाग्याचा आहे, ओठाला लागायच्या आत तुटतो." "या दुधाची म्हैस परवापासून डोहात बसलेली नाही." शेगावहून, मलकापूरहून लोक नुसतं ऐकायला यायचे. एका डॉक्टरांनी तर आपल्या रोग्यांना माझ्यासमोर बसायला सांगितलं, म्हणे भूक लागते.

खोलीवर परतलो की नामदेव म्हणायचा, "तू आज बोलला ते मह्या सपनातबी नव्हतं बे. म्या त एक बोट दाबलं होतं."

"बोट तुहं, पोवाडा माहा," मी म्हणायचो. तो हसायचा. मला वाटायचं, हसतोय.

दीड-दोन वर्षांनी अण्णांनी पुण्याला दुसरं कॉफी हाऊस काढायचं ठरवलं. तिकडचे एक भागीदार मिळाले होते. काळी टोपी, बोलणं तोलून मापून. तिथं मॅनेजर म्हणून चवीचा माणूस हवा होता, आणि अण्णांनी माझं नाव पुढं केलं. पुणं! जिनिंगच्या रुईत खोकत बसण्यापेक्षा पंख्याखालची खुर्ची, कोट, लोकांचं "या साहेब, बसा साहेब". मी मनातल्या मनात खामगाव तेव्हाच सोडलं होतं. पण भागीदार म्हणाले, माणूस पारखून घेऊ. ते स्वतः येणार, पाच कप पडद्यामागं बनवणार, मी चव घेऊन सांगायचं. पाचही बरोबर, तर खुर्ची माझी.

त्या रविवारी दुपारी कॉफी हाऊसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खिडक्यांत होते, काही मशीनवर बसायला निघाले होते. मी आधीच तोड काढली होती. म्हणालो, "एकट्याची साक्ष कोर्ट मानत नाही. माझ्यानंतर एक घोट हा नामदेव घेईल, साक्षीदार म्हणून." वकीलसाहेबांनी मान डोलावली, "कायदेशीर आहे." नामदेव शेजारी बसला, टॉवेल पसरला, हात हातात आला.

पहिला कप. तीन बोटं, दोन झटके. मी म्हणालो, "पूड बरी, दूध दोनदा तापलेलं." भागीदारांनी कागदावर खूण केली. दुसरा, अंगठा. "चिकोरीनं कॉफीला घराबाहेर काढलंय." टाळ्या. तिसरा, पंजा. चौथा, एक बोट आणि नख. चारही बरोबर. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाफेचं असेल, पण मी ते माझ्यासाठी धरलं.

पाचवा कप आला. मी घोट घेतला, नामदेवला दिला. त्यानं घोट घेतला. मग कप नाकाशी धरला, जरा जास्तच वेळ. आणि टॉवेलखाली माझा हात घट्ट धरून अख्खा पंजा दाबला. इतका घट्ट की बोटांची हाडं वाजली.

मी उभाच राहिलो. आयुष्यात तसं कधी बोललो नसेन. "अण्णा, आजपर्यंत तुम्ही आम्हाला गरम पाणी पाजलं! कॉफी ही आहे. ही बी डोंगरउतारावर धुक्यात वाढली. हिला भाजणारा माणूस भाजताना रडला असला पाहिजे. भागीदारसाहेब, पुण्याच्या दुकानात दुसरं काही ठेवू नका. हा एक कप ठेवा, आणि बाहेर पोलीस ठेवा, गर्दीसाठी!"

टाळ्यांनी कौलं हलली. भागीदारांनी मात्र पेन्सिल खाली ठेवली. अगदी हळू म्हणाले, "महाशय, ह्या कपात कॉफीचा एक दाणासुद्धा नाही. ही भाजलेली ज्वारी आहे. काल इथल्याच बाजारातून घेतली, तुमच्याच भागातली."

मी ज्वारीच्या मुलखातला माणूस, ज्वारीवर वाढलेला. आणि ज्वारीला मी धुक्यातल्या डोंगरावर नेऊन ठेवलं होतं. क्षणभर कुणीच हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. मग मशीननं फुस्स केलं, आणि सगळं खामगाव एकदम हसलं.

आणि त्या हसण्यात नामदेव उभा राहिला. चार नव्हे, चाळीस कोट-टोप्यांसमोर, न अडखळता म्हणाला, "ज्वारी हाये साहेब. पण नवी नाई. पेवातली हाये. दोन उन्हाळे जमिनीखालच्या पेवात राह्यली, म्हून तो कुबट वास. दुकानदारानं तुमाले जुनी देल्ली."

भागीदारांच्या खिशात चार दाणे उरले होते. बाजूच्या टेबलावरच्या धान्यवाल्यानं एक दाणा दाताखाली फोडला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "पेवातलीच हाये. बराबर हाये पोऱ्याचं."

खोलीकडं जाताना अर्ध्या रस्त्यापर्यंत मी बोललो नाही. माझ्यासाठी हे उपोषणच होतं. मग मला राहवलं नाही.

"काऊन केलं बे असं?"

"काय केलं?"

"रुमालाखाली खोटं दाबलं तू! आपल्या बापाईनं जलमात नाई केलं असं."

"हाव. दाबलं." तो चालायचा थांबला. "परवा अण्णानं तुले इचारलं होतं, तुमच्या संगतीच्याले काही समजते का म्हून. तू काय म्हटलं?"

आता हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. राहून गेलं, काय करणार, गोष्ट लांबते. अण्णांनी विचारलं होतं खरं. आणि मी म्हणालो होतो, "नामदेव? त्याले चहा आणि काढा सारखाच. तो बिचारा सोबतीले येते." नामदेव तेव्हा मागं मोरीवर हात धूत होता, हे मला काय माहीत?

"ते बोलायची रीत असते लेका," मी म्हणालो. "वर माणूस कायबी बोलते."

"मंग म्या खाली बोललो."

"तुले घेऊनच जानार होतो पुण्याले! खुर्ची भेटली का दुसऱ्याच दिवशी..."

"खोटं नोको बोलू. अन् मले जायाचंबी नाई. मह्या नाकाले इथलंच समजते. पण तुनं एक डाव इचाराचं त होतं मले. म्या नाई म्हनलो असतो. तरी इचाराचं होतं."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण ते छापण्याजोगं नाही. दुसऱ्या दिवशी मी वळकटी उचलून एका नातेवाइकाकडं गेलो.

पुण्याच्या खुर्चीवर पुण्याचाच कुणी बसला. अण्णांनी नामदेवला खामगावच्या काउंटरवर बसवलं. मला लोक 'पेवसाहेब' म्हणू लागले. जिनिंगमध्ये म्हणायचे, बाजारात म्हणायचे, एकदा एक भिकारीही म्हणाला. ज्या गावानं माझं बोलणं दोन वर्षं डोक्यावर घेतलं, त्या गावात मला साधी भाजी विकत घेताना तोंड उघडायची चोरी झाली. सरकारी कचेरीचा अर्ज मी त्याच महिन्यात टाकला. मग ती गाडी, ती सात माणसं, ती बकरी.

पुणं मला मानवलं. इथं मी 'मले' टाकलं, 'काऊन' टाकलं, 'हो का' आणि 'असं असं' शिकलो. बायको मेहकरकडची मिळाली, मायची काळजी फुकट गेली. घरात पंखा आहे, कचेरीत टेबल आहे, आणि चौकाचौकात एक्स्प्रेसो मिळते. खामगावच्या त्या एका मशीनसाठी घोडे पळायचे, इथं मशीन फुत्कारलं तरी कुणी वर्तमानपत्रातून मान काढत नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कचेरीतले लोक मला घेऊन जातात आणि कुणीतरी विचारतंच, "काय, कशी आहे कॉफी?" मी म्हणतो, "बरी आहे." उभ्या जन्मात मी इतकी लहान वाक्यं कधी बोललो नव्हतो. दुसरं जमतच नाही. माझ्यासारख्याला वर खोटं बोलायलाही खालून कुणीतरी खरं सांगावं लागतं.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, चूक तुझीच होती. मी कुठं नाही म्हणतो? मी वर फसवलं. पण त्यानं खाली फसवलं, आणि या दोन्हींत किती अंतर आहे, ते कापूस बाजारातल्या जुन्या माणसाला विचारा. माझं खोटं सगळ्या गावासाठी होतं. त्याचं खोटं एकट्या माझ्यासाठी होतं. आजही उजव्या हाताला थंडीत कळ येते. डॉक्टर म्हणतात वात. डॉक्टरांना काय माहीत.

गेल्या दिवाळीत पिंपळगावला जाताना खामगावला बस चुकली. पुढच्या बसला दोन तास होते, आणि पाय कसे तिकडं वळले ते पायांनाच विचारा. कॉफी हाऊस तिथंच आहे. अण्णा गेले, त्यांचा हार घातलेला फोटो भिंतीवर आहे, मशीनचं निकेल उडून पितळ दिसायला लागलंय. काउंटरवर नामदेव. पोट सुटलंय, चष्मा लागलाय. त्यानं मला बघितलं. मी कोपऱ्यात बसलो. तो उठला नाही, हसला नाही. पण दांडा त्यानं स्वतः ओढला, वेटरला ओढू दिला नाही, आणि कप माझ्या टेबलावर पाठवून दिला.

मी तो प्यालो. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. शेजारच्या टेबलावर कुणीतरी म्हणत होतं, आज जमलीय बुवा. जमली असेल. करपलेली असेल. ज्वारीही असेल. मला कसं कळणार? हे मला सांगू शकेल असा जगात एकच माणूस, आणि तो काउंटरवर बसून फडक्यानं तीच ती नळी पुसत होता, माझ्याकडं न बघता. मी उठलो, बाहेर आलो. त्यानं हाक मारली नाही, मीही वळलो नाही.

लोक विचारतात, आता तुमचं घर कुठलं, पिंपळगाव की पुणं? मी काहीतरी लांबलचक सांगतो, लोक हसतात. तुम्हाला खरं सांगतो. मी काही तोंडात घातलं आणि शेजारच्यानं ते कसं आहे ते मला सांगितलं, असं जिथं होतं ते माझं घर होतं. बाकी सगळीकडं मी नुसतं गरम पितो.